बाथरूममधली काळी बुरशी दर पावसाळ्यात परत का येते आणि ती कशी थांबवायची

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मी कशाचं उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. नाशिकच्या इंदिरानगरला चार मजली इमारत, दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, बांधकाम पंधरा-सोळा वर्षांचं. बाथरूम ५ बाय ७ फूट. काचेच्या पट्ट्यांची खिडकी डक्टमध्ये (इमारतीतल्या पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत) उघडते आणि त्याच खिडकीत वर ६ इंची एक्झॉस्ट फॅन बसवलाय. सात फुटांपर्यंत टाइल्स, त्यावर पुट्टी आणि डिस्टेंपर. दर पावसाळ्यात छतावर काळे ठिपके येतात आणि टाइल्सचे सांधे काळे पडतात. दोन वर्षांत दोनदा बुरशीरोधक रंग मारला, ब्लीच वापरलं, टॉयलेट क्लीनरही ओतून पाहिलं. सासूबाईंना दमा आहे, ब्लीचचा वास त्यांना सोसत नाही. आणि तुम्ही विचारताय की कोणतं केमिकल मारलं म्हणजे बुरशी कायमची जाईल.

असं केमिकल नाही. बुरशीचे बीजाणू हवेत कायम असतात. घर कितीही स्वच्छ ठेवलं तरी ते येणारच. त्यांचं खाणंही बाथरूममध्ये भरपूर असतं: साबणाचा पातळ थर, अंगाचा मळ, केसांचं तेल, डिस्टेंपरमधले सेंद्रिय घटक. या दोन्ही गोष्टी आपल्याला पूर्ण थांबवता येत नाहीत. हातात उरतं ते पाणी. एखादा पृष्ठभाग सलग दिवस-दोन दिवस ओलसर राहिला की तिथे बुरशी रुजायला लागते. रोज काही तासांत खडखडीत वाळला तर रुजत नाही. म्हणून खरा प्रश्न असा आहे: तुमचं बाथरूम चोवीस तासांतले किती तास ओलं राहतं, आणि का? पुढचं सगळं उत्तर याच प्रश्नाभोवती आहे.

पहिली गोष्ट, पाणी कुठून येतंय ते ठरवा. वाफेचं पाणी आणि गळतीचं पाणी यांचे उपाय अगदी वेगळे आहेत. गळती असेल तर कितीही भारी फॅन लावा, उपयोग नाही. वाफ असेल तर वरच्या मजल्याची फरशी फोडूनही काही साधत नाही.

वाफेची बुरशी छतावर विखुरलेली दिसते, मिरपूड उधळल्यासारखी. कोपऱ्यांत आणि बाहेरच्या किंवा डक्टच्या भिंतीकडे ती दाट असते, कारण तो भाग जास्त गार राहतो आणि वाफ आधी तिथे धरते. गळतीचा डाग मात्र एका जागी असतो. कडेला पिवळट किंवा तपकिरी वलय, मध्ये पोपडे, कधी पांढरा लोणा. छतावर हा डाग बहुधा वरच्यांच्या नहाणी ट्रॅपखाली (फरशीतल्या पाणी जाण्याच्या तोंडाखाली) किंवा कमोडच्या पाइपभोवती सापडतो. तिसरी जागा बाथरूमच्या बाहेर असते. बेडरूम आणि बाथरूमच्या सामायिक भिंतीवर, बेडरूमच्या बाजूने, स्कर्टिंगच्या वर फूट-दोन फूट रंग फुगलेला असेल तर पाणी टाइल्सच्या सांध्यांतून किंवा भिंतीतल्या पाइपमधून झिरपतंय.

रंगाकडेही लक्ष द्या. काळी किंवा काळपट हिरवी ती बुरशी. उजेड येणाऱ्या जागी बुळबुळीत हिरवं असेल तर ते शेवाळ. नहाणीभोवती किंवा बादलीच्या बुडाला गुलाबी-नारिंगी थर दिसतो तो बहुधा जिवाणूंचा असतो. तो घासला की लगेच निघतो, आणि चार दिवस घासलं नाही की परत येतो. तिन्हींचं मूळ ओल हेच आहे, पण तुमचा प्रश्न पहिल्या प्रकाराचा आहे.

डोळ्यांनी ठरत नसेल तर प्लॅस्टिकची चाचणी करा. छतावर डाग असलेल्या जागी ओल्या फडक्याने सैल रंग काढा आणि टेबल फॅन लावून जागा वरवर कोरडी करा. मग फूटभर चौकोनी पारदर्शक प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावा. कडा कुठेही उघडी राहता कामा नये. २४ ते ४८ तासांनी पाहा. थेंब प्लॅस्टिकच्या आत, म्हणजे छताच्या बाजूला असतील तर पाणी स्लॅबमधून येतंय. आत कोरडं आणि तुमच्या बाजूला थेंब असतील तर ती तुमच्याच अंघोळीची वाफ आहे. दोन्हीकडे थेंब दिसले तर आधी गळती सोडवायची.

गळती निघाली तर वरच्यांशी बोलावं लागेल. त्यांच्या बाथरूमची नहाणी कापडाने बंद करून दोन-तीन सेंटिमीटर पाणी भरायचं, पातळीवर पेन्सिलने खूण करायची आणि २४ तास ठेवायचं. बाथरूम एकच असेल तर त्यांना हे अवघड जातं, म्हणून घरचे गावाला जाणार असतील तो दिवस ठरवा. पाइपवर संशय असेल तर प्लंबरकडून लाइनची प्रेशर टेस्ट करून घ्या. गरम आणि गार लाइन वेगवेगळ्या तपासायला सांगा, कारण पुष्कळदा एकच गळत असते. खर्चावरून वाद होतो, म्हणून सांगून ठेवतो: महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे टॉयलेट, सिंक वगैरेंच्या आतल्या गळतीचा खर्च संबंधित फ्लॅटधारकांनी आपापसांत समजुतीने करायचा असतो. पावसाच्या पाण्याची गळती आणि सामायिक पाइपलाइन सोसायटीकडे येते. डक्टमधला ड्रेनेज पाइप फुटून तुमची भिंत भिजत असेल तर सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, सोबत फोटो जोडा. आणि वरच्यांची फरशी लगेच फोडू देऊ नका. आधी त्यांच्या नहाणी ट्रॅपभोवतीचा आणि फरशीचा सांधा कोरून इपॉक्सी ग्राउट (सांधे बुजवायचा राळेचा मसाला) भरून पाहा. गळती सांध्यांतून असेल तर एवढ्यावर थांबते. नाही थांबली तर मग फोडून वॉटरप्रूफिंग करायचं.

तुमच्या वर्णनावरून मला वाफेचीच शक्यता जास्त वाटते, कारण ठिपके छतभर आहेत आणि उन्हाळ्यात वाढत नाहीत. तरी चाचणी करा. अंदाजावर पैसे घालू नका.

आता वाफ आणि ओल्या भिंती. इथे एक हिशेब मांडतो, कारण तो पटला की पुढचं आपोआप पटतं. तुमचं बाथरूम ५ बाय ७ आणि उंची ९ फूट धरली तर ३१५ घनफूट, म्हणजे सुमारे ९ घनमीटर हवा. २५ अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २३ ग्रॅम बाष्प धरू शकते. म्हणजे बाथरूमची सगळी हवा मिळून दोनशे ग्रॅमच्या आसपास, एक फुलपात्रभर पाणी. आणि अंघोळीनंतर भिंतींवर किती पाणी असतं? तीन-चार फुटांपर्यंत भिजलेल्या भिंती साधारण सात चौरस मीटर धरा. त्यावर पाण्याचा थर दशांश मिलिमीटर धरला तरी पाऊण लिटरच्या जवळ जातं. फरशीवरचं पाणी वेगळंच. म्हणजे बाथरूमची हवा जेवढं पाणी पिऊ शकते त्याच्या तिप्पट पाणी नुसत्या भिंतींवर आहे. दार-खिडकी बंद असेल तर ते वाळणार कुठे? एका भिंतीवरून उडून गार छतावर जाऊन बसणार. तुमचं छत काळं होतं ते यामुळे.

यातून दोन कामं निघतात. पाणी द्रव असतानाच पुसून नहाणीत घालवायचं, आणि उरलेलं हवेबरोबर बाहेर काढायचं. पहिलं काम स्वस्त आहे आणि जास्त परिणामकारक आहे, पण लोक नेमकं तेच करत नाहीत.

फरशीच्या मोठ्या वायपरबरोबर भिंतीसाठी दहा-बारा इंची रबरी पात्याचा हातातला वायपर आणा, काच पुसायला वापरतात तसा. रबर एकाच पातीचं आणि सरळ हवं. फोमचा नको, फोम स्वतःच ओला राहतो. वरून खाली सरळ पट्टे ओढायचे, प्रत्येक पट्टा आधीच्यावर इंचभर चढवायचा. मग फरशी नहाणीकडे ओढायची. कोपरा, नळाच्या मागची जागा आणि आडवा कट्टा यांवरून फडकं फिरवायचं. सगळं मिळून दोन मिनिटं. घरात चार-पाच जणांच्या अंघोळी लागोपाठ होत असतील तर प्रत्येकाने पुसायचा नियम टिकत नाही. शेवटी अंघोळ करणाऱ्याचं काम म्हणून ठरवा, ते टिकतं.

फरशीवर पाणी साचतंय का तेही पाहा. उताराची खात्री करायला दारापाशी तांब्याभर पाणी ओता. पाच फुटांत नहाणीकडे १५ ते १९ मिलिमीटर उतार असेल तर पाणी स्वतःहून जातं. कोपऱ्यात डबकं राहत असेल तर तिथला सांधा कायम काळा राहणार, काहीही लावा. बादली आणि मगा फरशीवर ठेवू नका. बादली उपडी करून स्टूलवर ठेवा. शाम्पूच्या बाटल्यांची बुडं आणि साबणाची ताटली हीसुद्धा बुरशीची घरं आहेत. जाळीचा रॅक लावला की खालून हवा खेळते.

नाशिकच्या पावसाळ्यात आणखी एक चूक घरोघरी होते: ओले कपडे बाथरूममध्ये वाळत घालणं. मशीनमधून पिळून निघालेल्या पाच किलो कपड्यांत दोन-अडीच लिटर पाणी असतं. हाताने पिळलेल्यांत त्याहून जास्त. ते सगळं त्याच नऊ घनमीटर हवेत सोडायचं म्हटल्यावर बाथरूम वाळणार कधी? कपडे हॉलमध्ये किंवा झाकलेल्या बाल्कनीत पंख्याखाली घाला. दाराच्या मागे टांगलेला ओला टॉवेलही बाहेर न्या.

आता फॅन. तुमच्या मांडणीतला मुख्य दोष इथे आहे असं मला वाटतं. फॅन खिडकीत वर आणि त्याच्या खालच्या काचेच्या पट्ट्या उघड्या. अशा वेळी फॅन हवा कुठून ओढतो? जिथून सोपी मिळेल तिथून. म्हणजे हातभर खालच्या पट्ट्यांतून डक्टची हवा आत येते आणि लगेच फॅनमधून परत डक्टमध्ये जाते. फॅन फिरताना दिसतो, आवाज येतो, पण शॉवरच्या कोपऱ्यातली आणि दारामागची हवा जागची हलत नाही. फॅन चालू असताना पट्ट्या पूर्ण बंद करा. त्या नीट बंद होत नसतील तर खालच्या भागावर ॲक्रिलिकची शीट बसवा. हवा दाराकडून आली पाहिजे, म्हणजे ती पूर्ण बाथरूम ओलांडून फॅनकडे जाईल.

हे सांगितल्यावर एक इशारा लगेच देतो, तो वगळू नका. बाथरूमच्या आत गॅस गीझर असेल तर खिडकी बंद करून फॅन लावण्याचा हा उपाय अजिबात करू नका. बंद जागेत गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नसतो आणि माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. एक्झॉस्ट फॅन तो वायू उलटा आतही ओढू शकतो. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागीच हवा. बुरशीच्या आधी ते काम करा. विजेचा गीझर असेल तर ही भीती नाही.

दाराखाली हवेला वाट आहे का? बहुतेक ठिकाणी ग्रॅनाइटचा उंबरा आणि त्यावर घट्ट बसणारं पीव्हीसी दार असतं. मग फॅन कोंडून जातो. दाराची खालची कड सुताराकडून कापून उंबऱ्यावर दोन सेंटिमीटर फट ठेवा, किंवा दाराच्या खालच्या भागात १२ बाय ६ इंची ॲल्युमिनियमची जाळी बसवा.

झाल्यावर उदबत्तीने खात्री करा. दार बंद, पट्ट्या बंद, फॅन चालू. बाहेर बसून पेटती उदबत्ती दाराच्या फटीजवळ धरा. धूर आडवा होऊन फटीतून आत खेचला गेला पाहिजे, काडी थोडी लांब नेली तरी धुराचं टोक आत वळलं पाहिजे. धूर सरळ वर जात असेल तर फॅन हवा ओढत नाही. मग आत जाऊन फॅनच्या जाळीला टिश्यू पेपर लावून पाहा. तो चिकटून राहिला तर फॅन ठीक आहे आणि हवा दुसरीकडून येतेय. पडला तर फॅनची पाती धुळीने माखली असतील, बाहेरची झडप अडकली असेल किंवा डक्टच्या बाजूने कबुतरांनी घरटं केलं असेल. शेवटचं फार वेळा सापडतं.

फॅनच्या क्षमतेबद्दल. अशा बाथरूममध्ये तासाला दहा वेळा हवा बदलावी असं धरून मी निवड करतो. ९ घनमीटरला ते तासाला ९० घनमीटर होतं. ६ इंची फॅनच्या खोक्यावर याच्या दुपटीहून जास्त आकडा असतो, पण तो मोकळ्या हवेतला असतो. झडप, जाळी, डक्टमधली कोंडलेली हवा आणि दाराची फट यांत तो निम्म्यावर येऊ शकतो. म्हणून ६ इंची पुरतो, पण स्वच्छ असेल तरच. नवा घ्यायचाच असेल तर ८ इंची घ्या. अंघोळीला जाताना फॅन लावायचा आणि शेवटच्या अंघोळीनंतर अर्धा-पाऊण तास चालू ठेवायचा, पावसाळ्यात दोन तास. ३० वॉटचा फॅन रोज तीन तास चालला तर महिन्याला २.७ युनिट होतात. बंद करायचं लक्षात राहत नसेल तर टायमरचा स्विच बसवा. स्विच बाथरूमच्या बाहेर ठेवा आणि घराच्या मेन बोर्डवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच) आहे का हे इलेक्ट्रिशियनला विचारा.

हवामानावर काय अवलंबून आहे तेही सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरचीच हवा दमट असते, त्यामुळे दिवसभर खिडकी उघडी ठेवून बाथरूम वाळत नाही. या दोन महिन्यांत वायपरला पर्याय नाही. थंडीत उलट होतं. पहाटे पारा दहाच्या खाली जातो, बाहेरची भिंत गारठते, गरम पाण्याची वाफ तिच्यावर लगेच धरते. पण हवा कोरडी असल्याने फॅन चालला तर तासाभरात वाळतं. एप्रिल-मेमध्ये बुरशी दिसेनाशी होते. ती मेलेली नसते, सांध्यांत आणि पुट्टीत सुकून बसलेली असते आणि पहिल्या दमट आठवड्यात उठते.

आर्द्रता मोजायचं छोटं डिजिटल यंत्र मिळतं, तीन-चारशे रुपयांपासून. ते पाणी उडणार नाही अशा जागी खांद्याच्या उंचीवर ठेवा. कोरड्या महिन्यांत शेवटच्या अंघोळीनंतर दोन तासांत आकडा ६० टक्क्यांखाली यावा. पावसाळ्यात हॉलमध्येच ७५-८० असतो, तेव्हा ६० ची अपेक्षा धरू नका. तेव्हा बाथरूमचा आकडा दोन तासांत हॉलच्या आकड्याला भिडतो का एवढंच पाहा. भिडत नसेल तर पाणी कुठेतरी राहिलंय.

आता आहे ती बुरशी काढणं. सासूबाईंना त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुसरीकडे पाठवा. कोरड्या भिंतीवर खरवडू नका, बीजाणू घरभर उडतात. आधी स्प्रेने ओलं करा, एन-९५ मास्क, चष्मा आणि रबरी मोजे घाला, मग खरवडा. निघालेला चुरा ओल्या कागदात गुंडाळून पिशवी बांधून टाका.

तुमच्या घरासाठी मी ब्लीचऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड सुचवतो, त्याला वास नसतो. मेडिकलमध्ये साधारण ६ टक्क्यांचं मिळतं. बाटलीवरचा आकडा पाहा आणि ६ टक्के असेल तर तेवढंच पाणी मिसळा. स्प्रे करून दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, नायलॉनच्या ब्रशने घासा, पुसा, फॅन लावून वाळवा. काळा डाग पूर्ण गेला नाही तरी घाबरू नका, मेलेल्या बुरशीचा रंग उरतो. टाइल्स आणि सिलिकॉनवरच्या हट्टी डागांना ब्लीच लागतं. ते एक भाग, पाणी दहा भाग, आणि घरात दम्याचा माणूस नसताना. डिस्टेंपरवर ब्लीच फारसं काम करत नाही. क्लोरीन वरच राहून संपून जातो आणि त्यातलं पाणी आत मुरतं.

तुम्ही लिहिलंय की ब्लीचनंतर टॉयलेट क्लीनर टाकल्यावर डोळे चुरचुरले. तो क्लोरीन वायू होता. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनरसारखं कुठलंही ॲसिड एकत्र आलं की तो निघतो, आणि दम्याच्या माणसाला तो जिवावर बेतू शकतो. एकाच दिवशी एकाच फरशीवर ही दोन्ही वापरू नका. पेरॉक्साइडमध्येही व्हिनेगर किंवा ब्लीच मिसळू नका.

ॲसिडबद्दल अजून एक, कारण नाशिकमध्ये हे नुकसान फार दिसतं. बोअरच्या जड पाण्याने टाइल्सवर पांढरा थर येतो आणि लोक ॲसिड ओततात. टाइल चमकते, पण सांध्यातला ग्राउट सिमेंटचा असतो आणि सिमेंट ॲसिडमध्ये विरघळतं. दोन-चार वेळा झालं की सांधा खरबरीत आणि सच्छिद्र होतो. नखाने ओढून पाहा, वाळूसारखे कण सुटतील. अशा सांध्यात साबण आणि पाणी साठून राहतं आणि बुरशीची मुळं आत जातात. मग वरून कितीही घासा, आतून परत येणार. पांढऱ्या थरासाठी आधी भिंत साध्या पाण्याने भिजवा म्हणजे सांधे पाणी पिऊन बसतील, मग लिटरभर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व विरघळवून लावा, पाच मिनिटांत धुवा. कडाप्पा, संगमरवर यांवर हेसुद्धा नको, ते चुनखडीचेच दगड आहेत.

तुमचे सांधे असे सुटलेले असतील तर ते नव्याने भरावे लागतील. जुन्या बाथरूममध्ये बहुधा नुसता व्हाइट सिमेंट भरलेला असतो. तो आकसतो आणि त्याला केसासारख्या भेगा जातात. फरशी आणि भिंतीचे खालचे तीन फूट इपॉक्सी ग्राउटने भरा, वर पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा ग्राउट चालतो. जुना ग्राउट किमान तीन-चार मिलिमीटर खोल कोरायला सांगा. कारागीर पुष्कळदा वरवर खरडून वर लिंपतात, ते सहा महिन्यांत पापुद्र्यासारखं निघतं. कोरल्यावर ब्रशने धूळ झाडून सांधा पूर्ण कोरडा होऊ द्या. ३०० बाय ४५० च्या टाइल, ३ मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर खोल सांधा धरला तर चौरस मीटरला शंभर-सव्वाशे ग्रॅम ग्राउट लागतो. तुमचं काम दहा चौरस मीटरच्या आसपास, म्हणून वाया जाणारं धरून दोन किलो आणा. इपॉक्सीचे घटक पाकिटातल्या प्रमाणातच मिसळायचे, अंदाजाने नाही, नाहीतर तो चिकटच राहतो. उन्हाळ्यात तो लवकर घट्ट होतो, म्हणून थोडा थोडा कालवायचा आणि टाइलवर पसरलेला थर लगेच ओल्या स्पंजने पुसायचा. वाळल्यावर तो निघत नाही.

भिंत आणि फरशी जिथे मिळतात तो कोपरा, आणि कमोड-बेसिनच्या कडा यांत ग्राउट नको, सिलिकॉन हवं, कारण तिथे हालचाल असते आणि ग्राउटला तडा जातो. सिलिकॉन आतून काळं झालं असेल तर धुऊन उपयोग नाही. ब्लेडने दोन्ही कडांवर चीर देऊन पूर्ण पट्टी ओढून काढा, उरलेला पातळ थरही खरवडा, नवं सिलिकॉन जुन्यावर धरत नाही. जागा दिवसभर वाळू द्या. सॅनिटरी प्रकारचं, बुरशीरोधक सिलिकॉन घ्या. दगडाला लावायचं असेल तर न्यूट्रल प्रकारचं, कारण व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनमधलं आम्ल दगड खातं. लावल्यावर २४ तास पाणी नको.

छताचा रंग सगळ्यात शेवटी. बुरशीरोधक रंगात औषध असतं, पण ते हळूहळू झिजतं, आणि ओल्या पुट्टीवर मारलेला रंग फुगतो. दोनदा मारूनही तुमचं छत काळं झालं त्यात रंगाचा दोष कमी आणि ओलीचा जास्त आहे. डिस्टेंपर आणि भुसभुशीत पुट्टी खरवडून काढा, पेरॉक्साइड मारा, किमान आठवडाभर वाळू द्या. मग सिमेंटवर आधारित पुट्टी, प्रायमर आणि दोन हात ॲक्रिलिक इमल्शन. पीओपी बाथरूममध्ये नको, ओल धरून ते भुसभुशीत होतं. खर्च वाचवायचा असेल तर साधा चुना चांगला. ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की त्यावर बुरशी धरत नाही. पण हवेने त्याचा हा गुण काही महिन्यांत जातो, म्हणून दरवर्षी हात मारावा लागतो. जुन्या वाड्यांत दिवाळीआधी मोरीला चुना देत, त्याचं एक कारण हेही असावं. चुन्याआधी जुना रंग पूर्ण निघायला हवा, नाहीतर तो सुटतो.

म्हणून क्रम असा ठेवा. आता पावसाळ्यात प्लॅस्टिकची चाचणी, वायपर, कपडे बाहेर, फॅनखालच्या पट्ट्या बंद, दाराची फट आणि पेरॉक्साइडने सफाई. ग्राउट, सिलिकॉन आणि रंग यांना आत्ता हात लावू नका, काहीच नीट वाळणार नाही. ती कामं मार्च ते मे दरम्यान करा. अभ्यंगस्नानाच्या दिवशी भिंतींवर तेलाचा हात लागतो, तेव्हा दिवाळीनंतर एकदा भांड्याच्या साबणाने आणि गरम पाण्याने टाइल्स धुवा.

प्लॅस्टिक काढल्यावर थेंब कुठल्या बाजूला होते, उदबत्तीचा धूर आत गेला का, आणि गीझर कुठला आहे, एवढं कळवा. थेंब आतल्या बाजूला निघाले तर वरच्यांच्या नहाणीची जागा तुमच्या डागापासून किती फुटांवर आहे तेही मोजून ठेवा, त्यावरून आधी कुठे कोरायचं ते सांगता येईल.